गुलाबखिडकी आधी दगडाची, मग काचेची

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातील गॉथिक कॅथेड्रलांच्या गुलाबखिडक्यांवर, म्हणजे दगडी जाळीत रंगीत काच बसवलेल्या मोठ्या गोल खिडक्यांवर, प्रसिद्ध झालेला सचित्र लेख आवडीने वाचला. अशा विषयाला मराठी दैनिकाने इतकी जागा द्यावी आणि छायाचित्रेही उत्तम छपाईत द्यावीत, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार. तरीही लेख वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. लेखातील सर्व छायाचित्रे चर्चच्या आतून घेतलेली आहेत, सर्व वर्णने निळ्या-तांबड्या प्रकाशाची आहेत आणि दगडाचा उल्लेख आला आहे तो काचेने उजळून निघणाऱ्या भिंतीचे विशेषण म्हणून, तेवढाच. माझे उमेदीचे आयुष्य इमारतींवर येणाऱ्या भारांची गणिते मांडण्यात गेले, त्यामुळे माझी नजर एकांगी झाली असेल, हे मान्य आहे. परंतु बारा-तेरा मीटर व्यासाची खिडकी शतकानुशतके भिंतीत उभी राहते ती दगडी जाळीच्या जोरावर, आणि त्या जाळीविषयी वाचकाला काहीच न सांगणे हा ती घडवणाऱ्या पाथरवटांवर अन्याय आहे, असे मला वाटते. शिवाय जाळी नजरेआड केली की खिडकीच्या वयाविषयी आणि जतनाविषयी गैरसमज होतात. लेखात ते झालेलेही आहेत.

उदाहरण म्हणून पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलची दक्षिणेकडील गुलाबखिडकी घेऊ. तिचा व्यास सुमारे १२.९ मीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ १३० चौरस मीटर झाले. ताशी १४० किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर समोरून आदळला, तर दर चौरस मीटरवर अंदाजे ९५ किलो भार येतो आणि साऱ्या खिडकीवर मिळून तो बारा टनांच्या घरात जातो. हा हिशेब ढोबळ आहे, पण कशाशी गाठ आहे हे कळायला पुरेसा आहे. काच हा भार पेलत नाही. ती जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या हातानेही वाकतील इतक्या मऊ असतात. म्हणून काचेचा प्रत्येक फलक लोखंडी सळयांना बांधलेला असतो, सळया दगडी जाळीत रोवलेल्या असतात, जाळी बाहेरच्या दगडी वर्तुळाला टेकलेली असते आणि ते वर्तुळ भिंतीत बसवलेले असते. काचेवर आलेला वाऱ्याचा रेटा या वाटेने भिंतीत आणि तिथून जमिनीत जातो. दगड दाबाला पक्का आणि वाकण्याला कच्चा असतो, हे बांधकामावर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. म्हणूनच जाळीची जी पट्टी समोरून अरुंद दिसते, ती आतून बाहेर मोजली तर बरीच खोल भरते. ही खोली थेट समोरून काढलेल्या छायाचित्रात अजिबात दिसत नाही. खिडकीपासून थोडे बाजूला सरकून तिरके पाहिले, तरच ती लक्षात येते.

खिडकीच्या वरच्या भिंतीचे आणि छपराच्या टोकाशी असलेल्या त्रिकोणी भिंतीचे वजन जाळीवर येऊ नये, याचीही योजना केलेली असते. खिडकीच्या माथ्यावरून जाणारी जाड कमान ते वजन दोन्ही बाजूंच्या खांबांकडे वळवते, त्यामुळे जाळीला स्वतःचे आणि काचेचे वजन व वाऱ्याचा रेटा एवढेच सांभाळावे लागते. स्वतःचे वजन ती कसे सांभाळते, हेही पाहण्यासारखे आहे. मधल्या वर्तुळापासून बाहेर जाणाऱ्या दगडी पट्ट्या गाडीच्या लाकडी चाकातील आऱ्यांप्रमाणे दाबाखाली असतात. सायकलच्या आऱ्यांसारखा ताण त्यांना देता येत नाही, कारण ताण आला की दगडाचा सांधा उघडतो. त्यामुळे खालचे आरे वरच्या भागाचा दाब झेलतात, वरचे आरे आणि त्यांच्या टोकांमधील लहान कमानी एकमेकींना रेटून धरतात, आणि मधले वर्तुळ चहूकडून दाबले गेल्यामुळेच जागेवर राहते.

ही रचना एकाएकी साधली नाही. पॅरिसजवळच्या सां-दनी मठाच्या चर्चची पश्चिमेकडील दर्शनी बाजू मठाधिपती सुजेर यांच्या काळात उभी राहिली आणि ११४० मध्ये तिचा अभिषेक झाला. तिथे दारांच्या वर मोठी गोल खिडकी आली. गॉथिक दर्शनी भिंतीवरील गुलाबखिडकीची कथा साधारणपणे तेथून सुरू करतात. आज त्या वर्तुळात घड्याळ बसवलेले आहे, ही गोष्ट मात्र लेखात यायला हवी होती. त्यानंतरच्या पिढ्यांत या खिडक्या मोठ्या होत गेल्या, पण त्यांचा विचार बराच काळ भिंतीचाच होता. फ्रान्समधीलच शार्त्र येथील कॅथेड्रलची पश्चिम खिडकी १२१५ च्या सुमाराची. तिथे जाड दगडी पाटांत गोल आणि पाकळ्यांच्या आकाराची भोके पाडून त्यांत काच बसवली आहे. बाहेरून पाहिले तर दगड जास्त आणि काच कमी दिसते, मध्यभागातून बारा आखूड खांब निघालेले दिसतात आणि त्यांच्याभोवती बारा मोठी वर्तुळे फिरतात. आतून मात्र दगड काळोखात बुडतो आणि रंगीत ठिपके अधांतरी तरंगल्यासारखे वाटतात. लेखात या तरंगण्याचे सुंदर वर्णन आहे. ते ज्या दगडामुळे घडते तो बाहेर ढळढळीत उन्हात उभा आहे, एवढेच तिथे जोडायला हवे होते.

पुढचा टप्पा रँसच्या कॅथेड्रलमध्ये आला. त्याचे काम १२११ मध्ये सुरू झाले. भिंतीत भोके पाडण्याऐवजी खिडकीची मोठी पोकळी मोकळी सोडायची आणि तिच्यात सडपातळ घडीव पट्ट्यांची जाळी स्वतंत्रपणे रचायची, ही पद्धत तिथे प्रथम ठळकपणे दिसते. माझ्या मते गॉथिक वास्तुकलेतील हा सर्वांत धाडसी निर्णय आहे. उंच कमानी आणि बाहेरून टेकू देणारे उडते धिरे यांचे कौतुक सगळेच करतात, मात्र या बदलाची दखल सामान्य वाचकासाठीच्या लेखनात क्वचितच घेतली जाते. या क्षणापासून खिडकी भिंतीचा भाग राहिली नाही, तर भिंतीत बसवलेली वेगळी वस्तू झाली. तीस-चाळीस वर्षांतच तिने एवढी मजल मारली की पॅरिसच्या उत्तर व दक्षिण बाजूंच्या खिडक्यांत वर्तुळाच्या खालचे कोपरेही काचेने भरले गेले आणि त्यांच्याखाली पुन्हा उंच झरोक्यांची काचेचीच रांग आली. म्हणजे काचेचे चाक काचेच्याच कठड्यावर उभे राहिले. हे बांधणाऱ्याला रात्री झोप कशी लागली असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

दक्षिणेकडील त्या दर्शनी भिंतीच्या पायथ्याशी लॅटिनमध्ये कोरलेला एक लेख आहे. आजच्या कालगणनेप्रमाणे १२५८ च्या फेब्रुवारीत काम सुरू झाल्याची नोंद त्यात आहे आणि मुख्य स्थपती ज्याँ द शेल याचे नाव आहे. त्याच्या पश्चात पिएर द मोंत्रय याने काम पुढे नेले. मध्ययुगातील बहुतेक कारागीर निनावी राहिले असताना इथे नाव कोरले गेले ते दगडाच्या कामाचा सूत्रधार असलेल्या माणसाचे, याकडे मी लेखकाचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रत्यक्ष काम कसे होत असे, याची कल्पना इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टरमध्ये चांगली येते. तिथे सभागृहाकडे जाणाऱ्या दालनाच्या वरच्या मजल्यावर गिलाव्याची एक जमीन जपलेली आहे. तिच्यावर खिडक्यांच्या जाळ्यांची रेखाटने कंपासाने आणि अणकुचीदार हत्याराने खऱ्या मापात कोरत असत. एक रेखाटन झाले की त्याच्यावर दुसरे येई, त्यामुळे आज त्या जमिनीवर रेषांचे जंजाळ दिसते. रेखाटनावरून पातळ फळ्यांचे साचे कापायचे, ते दगडावर ठेवून कड आखायची, मग पाथरवटाने दगड घडवायचा. पट्टीच्या कडेला काच बसण्यासाठी खाच किंवा पायरी काढायची. जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे सांधा पट्टीच्या लांबीला काटकोनात यावा लागतो, नाहीतर दाबाखाली एक दगड दुसऱ्यावरून घसरतो. म्हणून फांद्या फुटतात त्या जागेचा दगड नेहमी एकसंध असतो आणि सांधा त्याच्यापासून थोडा दूर, सरळ भागात ठेवलेला असतो. जवळून पाहण्याची संधी मिळाल्यास वाचकांनी हे सांधे शोधावेत. दगडाच्या तोंडाशी घेतलेल्या बारीक वाहिकेतून काही ठिकाणी वितळलेले शिसे आत ओतलेले असते. ते सांध्यात पसरून दाब सगळीकडे सारखा वाटते आणि आतली खुंटी पक्की धरते. हे सारे लाकडी सेंटरिंगवर रचून झाल्यावर, बाहेरच्या वर्तुळातील शेवटचा दगड बसल्यानंतर सेंटरिंग काढायचे. जाळी थोडी बसते, सांधे आवळले जातात, आणि मगच काचकाराचे फलक आत येतात.

लेखात एके ठिकाणी या खिडक्यांची आखणी सुवर्ण गुणोत्तरावर बेतलेली असल्याचे ठामपणे म्हटले आहे. बहुसंख्य खिडक्यांना असल्या गूढाची गरजच नाही. वर्तुळाच्या त्रिज्येइतका कंपास उघडून परिघावर पावले टाकली की बरोबर सहा भाग पडतात. प्रत्येकाचे दोन केले की बारा आणि पुन्हा दोन केले की चोवीस. शार्त्रची उत्तरेकडील खिडकी अशी बारांची आहे: मध्यभागी मरियम आणि बालक, भोवती पारवे व देवदूत, त्यापुढे कोनावर उभ्या केलेल्या बारा चौकटींत यहुदाचे राजे आणि बाहेरच्या अर्धवर्तुळांत बारा संदेष्टे. पॅरिसच्या उत्तर खिडकीत आठ, सोळा, बत्तीस अशी दुपटीची चढण आहे, दक्षिणेत बारा आणि चोवीस आहेत. धर्मशास्त्रातील बारा प्रेषित, बारा महिने, बायबलातील चोवीस वडीलधारे या संख्या दगडाच्या वाटणीत चपखल बसतात, हे खरे. परंतु आधी कंपासाला सोपी पडणारी वाटणी आली की आधी धर्मशास्त्र, हा प्रश्न उघडा ठेवणे जास्त प्रामाणिकपणाचे होईल. दोन्ही हातात हात घालून चालले असावेत, असे मला वाटते.

काही ठिकाणी तर खिडकीचा सारा अर्थच दगडात सांगितलेला आहे आणि तोही बाहेरच्या बाजूने. बोव्हे येथील सेंट एतिएन चर्चच्या उत्तर बाजूची गोल खिडकी बाराव्या शतकातील आहे. तिच्या परिघावर बाहेरून माणसांच्या मूर्ती कोरल्या आहेत. एका बाजूने माणसे वर चढत आहेत, दुसऱ्या बाजूने डोके खाली करून कोसळत आहेत, आणि माथ्यावर एकजण बसला आहे. हे दैवाचे चाक. उत्तर इटलीतील व्हेरोनाच्या सान झेनो चर्चच्या दर्शनी खिडकीवरही ब्रिओलोतो या शिल्पकाराने हेच चाक फिरवले आहे. या दोन्ही खिडक्यांतील काच उद्या काढून ठेवली, तरी त्यांचे म्हणणे जसेच्या तसे वाचता येईल. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने मान वर करून पाहावे यासाठीच ते बाहेर कोरले गेले, आणि लेखकाने आतून पाहण्याचाच आग्रह धरल्यामुळे नेमके तेच सुटले. स्वित्झर्लंडमधील लोझानची खिडकी या दृष्टीने दोन्हीकडे झुकते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या खिडकीत ऋतू, महिने, राशी, चार महाभूते, वारे, स्वर्गातील नद्या असे अवघे विश्व काचेत मांडले आहे आणि त्याची चौकट एकात एक गुंफलेल्या चौरस-वर्तुळांच्या दगडी आखणीने बांधली आहे. तेराव्या शतकातील फ्रेंच रेखाटनकार व्हिलार द ओनकूर याने आपल्या चर्मपत्रांच्या वहीत शार्त्र आणि लोझान या दोन्ही ठिकाणच्या गुलाबखिडक्या रेखाटल्या. त्याने टिपून घेतली ती दगडाची रचना. काचेतील चित्रांना त्या रेखाटनांत स्थान नाही. (दोन्ही रेखाटने मूळ खिडक्यांशी तंतोतंत जुळत नाहीत हा भाग वेगळा; बहुधा त्याला नक्कल करण्यापेक्षा सुधारून पाहण्याची हौस जास्त होती.)

आता जाळी निकामी होते तेव्हा काय होते, ते पाहू. बार्सिलोनाच्या सांता मारिया देल मार चर्चची मूळ गुलाबखिडकी १४२८ च्या भूकंपात कोसळली आणि तिच्या दगडांखाली सापडून माणसे दगावली. आज दिसते ती पुढच्या काही दशकांत नव्या धाटणीने बांधलेली. पॅरिसच्या दक्षिण खिडकीचे हाल अधिक सावकाश झाले. १५४३ मध्ये बांधकाम खचल्याने तिला इजा झाल्याची नोंद आहे. १७२० च्या दशकात कार्डिनल द नोआय यांच्या खर्चाने तिची मोठी दुरुस्ती झाली. १८३० च्या क्रांतीच्या धामधुमीत शेजारच्या आर्चबिशपच्या वाड्यावर हल्ला झाला तेव्हा तिला पुन्हा झळ पोचली. अखेर १८६१ मध्ये वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक याने ती जवळजवळ नव्याने उभारली, आणि उभारताना सारे चाक १५ अंशांनी फिरवले. बारा भागांच्या चाकात प्रत्येक भाग ३० अंशांचा, म्हणजे १५ अंश फिरवले की पाकळीच्या जागी आरा आणि आऱ्याच्या जागी पाकळी येते. मूळ रचनेत उभ्या आणि आडव्या अक्षांवर पोकळी येत होती, ती टाळून त्या अक्षांवर भक्कम दगड आणायचा, हा त्याचा हेतू होता. मूळ आखणीत हात घातल्याबद्दल त्याला बोल लावणारे आजही आहेत. मी त्यांच्यात नाही. वजन सरळ खाली उतरण्याची वाट मोकळी करून देणारा तो निर्णय मला अभियंता म्हणून पटतो. मात्र गहाळ झालेल्या काचांच्या जागी त्याच्या काळात मध्ययुगीन धाटणीची जी नवी चित्रे रचून घातली गेली, त्यांच्याबद्दल मी इतके उदार मत देणार नाही.

या पार्श्वभूमीवर लेखातील एक विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. नोत्र-दामच्या तिन्ही गुलाबखिडक्या तेराव्या शतकापासून जशाच्या तशा आहेत, असे त्यात म्हटले आहे. हे फक्त उत्तर खिडकीबद्दल बऱ्याच अंशी खरे आहे. तिथली बहुतेक काच तेराव्या शतकातील आहे. पश्चिमेची सर्वांत लहान, ९.६ मीटर व्यासाची खिडकी १२२० च्या दशकातील असली, तरी तिच्या काचांत एकोणिसाव्या शतकाचा वाटा फार मोठा आहे. शिवाय आतून तिचा खालचा भाग मोठ्या ऑर्गनमागे झाकला जातो. दक्षिण खिडकीचे सांगून झालेच. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर, मनोरा आणि घुमटाकार छताचे काही भाग गेले, पण तिन्ही गुलाबखिडक्या वाचल्या, ही आनंदाची गोष्ट लेखात आहे. तिला एक जोड द्यावीशी वाटते. छपराचा लाकडी सांगाडा जळून गेल्यावर खिडक्यांवरच्या उंच त्रिकोणी भिंती मागून निराधार झाल्या होत्या आणि त्यांना तातडीने टेकू द्यावे लागले. त्यांपैकी एखादी आत झुकली असती, तर शाबूत राहिलेल्या काचेचे काय झाले असते, हे सांगायला नको.

आगीत काचेला काय सोसावे लागते, हे यॉर्कने त्याआधीच दाखवले होते. ९ जुलै १९८४ च्या पहाटे तिथल्या दक्षिण भुजेच्या छपराला आग लागली. त्या बाजूच्या गुलाबखिडकीतील काच उष्णतेने सुमारे ४०,००० ठिकाणी तडकली आणि तरीही खाली पडली नाही. काही वर्षांपूर्वीच शिशाच्या पट्ट्या नव्या बसवलेल्या होत्या, त्यांनी तडकलेले तुकडे धरून ठेवले. आगीनंतर दोन्ही बाजूंनी चिकटपट्ट्या लावून फलक एकेक करून उतरवण्यात आले. लाल आणि पांढऱ्या गुलाबांची ती काच सोळाव्या शतकाच्या आरंभीची आणि तिला धरणारा दगड तेराव्या शतकातला. दगडाची आणि काचेची वये अशी वेगळी असणे हे अपवादात्मक नाही. पॅरिसच्या सेंत-शापेलची गुलाबखिडकी याचे आणखी एक उदाहरण आहे. इमारत तेराव्या शतकाच्या मध्याची आणि ज्वाळेसारख्या वळणांची ती खिडकी पंधराव्या शतकाच्या अखेरीची. केवळ इमारतीचे वर्ष पाहून खिडकीखाली वर्ष छापण्याची सवय म्हणूनच धोक्याची आहे.

काचेबद्दल आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. जुनी काच शतकानुशतके हळूहळू वाहत गेल्यामुळे खालच्या कडेला जाड झाली आहे, हा समज लेखात पुन्हा एकदा आला आहे. नेहमीच्या तापमानाला काच इतकी घट्ट असते की आठशे वर्षेच काय, विश्वाच्या वयाइतका काळ गेला तरी तिचे वाहणे डोळ्यांना दिसणार नाही. जाडी कमी-जास्त असते ती फुंकून केलेल्या काचेच्या पत्र्यातच, आणि जाड कड खाली बसवायची की वर, हे काचकाराच्या हातात होते. दुसरे, शार्त्रच्या निळ्या रंगाचे रहस्य हरवले, असेही आता म्हणता येत नाही. तो रंग कोबाल्टचा आहे, हे रासायनिक पृथक्करणाने सिद्ध झालेले आहे. लाकडाच्या राखेतील पोटॅश घालून केलेली काच पावसापाण्याने खड्डे पडून धुरकट होते. बाराव्या शतकातील काही निळ्या काचा सोड्याच्या असल्याने टिकून राहिल्या आणि शेजारच्या रंगांच्या मानाने अधिक झळाळतात.

जतनाच्या प्रश्नाकडे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात ओझरता निर्देश आहे, तोही काच स्वच्छ करण्यापुरता. इंग्लंडमधील लिंकन कॅथेड्रलमध्ये उत्तरेला डीनचा डोळा आणि दक्षिणेला बिशपचा डोळा अशा नावांच्या दोन गोल खिडक्या समोरासमोर आहेत. उत्तरेची खिडकी तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, जाड दगडात भोके पाडल्यासारख्या जुन्या पद्धतीची, आणि तिच्यात त्या काळची काच बऱ्याच प्रमाणात शिल्लक आहे. दक्षिणेची चौदाव्या शतकातील, दोन मोठ्या पानांसारख्या वळणदार जाळीची. तिची मूळ चित्रे फुटली आणि आज तिथे निरनिराळ्या ठिकाणच्या जुन्या काचांचे तुकडे कोणत्याही आकृतीविना एकत्र बसवलेले आहेत. म्हणजे एकीकडे काच मौल्यवान आणि दुसरीकडे दगड. उत्तरेच्या खिडकीची दगडी जाळी वेडीवाकडी होत गेल्याने या शतकाच्या सुरुवातीला ती नव्या दगडात पुन्हा घडवावी लागली आणि जुनी काच तिच्यात परत बसवली गेली. हा मार्ग मला योग्य वाटतो, जरी त्यात आठ शतकांपूर्वीचे घडीव दगड भिंतीतून कायमचे बाहेर गेले. दक्षिणेच्या खिडकीला तोच नियम लावला, तर तिच्याजवळ असलेली खरी संपत्तीच आपण काढून टाकू. काचेवरचेच प्रेम घेऊन जतनाचे निर्णय करायला बसलो, तर हा फरक लक्षातही येणार नाही. यॉर्क ज्या यॉर्कशायर परगण्यात आहे, तिथेच बायलंड मठाच्या भग्न पश्चिम भिंतीवर एका प्रचंड गुलाबखिडकीच्या वर्तुळाचा फक्त खालचा भाग उरला आहे. काचेचा तुकडाही नाही, जाळी नाही, पण तेवढ्या कमानीवरून खिडकीचा व्यास सुमारे आठ मीटर होता, हे सांगता येते.

माझी विनंती मर्यादित आहे. लेखमालेचा पुढचा भाग यायचा असेल, तर त्यात प्रत्येक खिडकीचे निदान एक छायाचित्र बाहेरून घेतलेले असावे, शक्य तर थोडे तिरके, म्हणजे जाळीची खोली दिसेल. आणि चित्राखाली दगडाचे वर्ष व काचेचे वर्ष वेगवेगळे द्यावे. ते जमत नसेल, तर नोत्र-दामच्या दक्षिण खिडकीच्या छायाचित्राखालची ओळ तरी पुढील अंकात दुरुस्त करावी. तिथे छापलेले १२५८ हे वर्ष भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या लेखातले आहे. चित्रात दिसणारी जाळी १८६१ ची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
(निवृत्त स्थापत्य अभियंता)